बेसिनची उंची

१

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे मास्तर. शाळा त्यांनी चौथीत सोडली आणि शाळेनेही त्यांना पुन्हा बोलावलं नाही. त्यांच्या बायकोला मात्र सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची, आणि मास्तरीणबाईंना ते आवडायचं.

मास्तरांचा नियम एकच. माप एकदाच घ्यायचं. एकदा टेप लावली, खडूने खूण केली, की पुन्हा टेपेला हात लावायचा नाही. खुणेवर कात्री चालवायची. "दोनदा मोजतो त्याचा स्वतःवर विश्वास नाही," ते म्हणायचे. "आणि ज्याचा स्वतःवर विश्वास नाही त्याने दुसऱ्याच्या कापडाला कात्री लावू नये." या नियमावर त्यांनी उभी हयात काढली. दोन-तीन गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड झाल्या. पण मास्तरांचं म्हणणं, ती गिऱ्हाइकं मागाहून वाढली.

बाथरूममधलं बेसिन फुटलं ते त्यांच्या पायामुळे. रोज सकाळी ते एक पाय उचलून बेसिनमध्ये ठेवायचे आणि साबण लावून धुवायचे. मास्तरीणबाई म्हणायच्या, "एक दिवस घेऊन पडाल." एक दिवस ते घेऊन पडले. बेसिनचे तुकडे झाले, भिंतीचा पोपडा निघाला, कोपर सुजलं, आणि ही बातमी मुलाला कळली. यातलं शेवटचं सगळ्यात वाईट.

मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला चौथ्या मजल्यावर राहायचा. आईवडिलांनी हे जुनं घर विकून आपल्याकडे यावं असं त्याला कधीपासून वाटत होतं. त्याने तुकडे पाहिले, कोपर पाहिलं आणि खुर्चीत बसला.

"बाबा, पुरे झालं. घर काढून टाकू. दोघं माझ्याकडे चला."

"मशीन कुठे ठेवणार?"

मास्तरांचं शिलाई मशीन खिडकीपाशी असायचं. गिऱ्हाईक येवो न येवो, मास्तर सकाळी त्याला तेल घालायचे आणि समोर बसायचे. मुलाने मशीनकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मशीनचं बघू."

"बघू म्हणजे विकू. मला कळतं. चौथीपर्यंत शिकलोय मी." मास्तर उठून उभे राहिले. "नवं बेसिन मी बसवणार. माझ्या हाताने. रविवारी संध्याकाळी ये आणि बघ. हललं किंवा गळलं तर मशीन मीच तुझ्या गाडीत चढवून देतो. नाही गळलं, तर घराचा विषय तुझ्या तोंडून पुन्हा यायचा नाही."

"बाबा, प्लंबर बोलवा की."

"प्लंबरने बसवलं तर घर प्लंबरच्या जिवावर उभं राहील. मला माझ्या जिवावर हवंय."

मुलगा हसला. "मान्य," म्हणाला. ज्या माणसाने आयुष्यात सुईपेक्षा जड हत्यार उचललं नाही, त्याचं बेसिन कितपत टिकणार ते त्याला माहीत होतं.

२

शनिवारी मास्तरांनी भिंतीचा पोपडा पांढऱ्या सिमेंटने भरून घेतला. इस्त्री फिरवावी तशी थापी फिरवली. जुनी भोकं, जुने डाग, सगळं बुजलं. रविवारी सकाळी घराचं पाणी बंद केलं, सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडात चिंधी कोंबली आणि कानावरचा निळा खडू काढला.

दारात मास्तरीणबाई उभ्या होत्या.

"अहो, लावताच आहात तर चार बोटं खाली लावा. इतकी वर्षं टाचा उचलून तोंड धुतेय मी."

"बेसिनची उंची ठरलेली असते."

"कुणी ठरवली?"

"मी."

"मग तुम्हीच बदला."

"पोचत नसेल तर टाचा उचलाव्यात. व्यायाम होतो."

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि चहा टाकायला गेल्या.

मास्तरांनी टेप लावली. एकदाच. त्यांच्या शर्टाच्या शेवटच्या बटणाच्या रेषेत खूण आली. त्यांनी आडवी रेघ ओढली आणि रेघेच्या उजव्या टोकाला हुकासारखा बारीक आकडा काढला. तो आकडा म्हणजे त्यांची सही. उमेदवारीत असल्यापासून त्यांच्या प्रत्येक खुणेला तो असायचा, म्हणजे दुकानातल्या दहा जणांत कापड कुणाचं ते कळायचं.

चहा पिऊन ते परत आले. खूण मांडीशी होती.

वरची रेघ पुसलेली नव्हती. पुसली असती तर ओल्या सिमेंटवर निळं फरकटलं असतं. वर नुसतं पांढरंशुभ्र होतं, आणि वीतभर खाली रेघ होती, जणू ती आधीपासून तिथेच होती.

मास्तरांचा चष्मा दुमजली होता. वरच्या मजल्यातून लांबचं दिसायचं, खालच्यातून जवळचं. त्यांनी मान वर करून पाहिलं, मान खाली घालून पाहिलं. मग चष्मा काढून पाहिलं. काही दिसेना, म्हणून पुन्हा घातला. खूण मांडीशीच.

"अगं ए," ते स्वयंपाकघराकडे ओरडले. "खूण खाली घेतलीस?"

"मी?" आतून आवाज आला. "तुम्ही चहा पीत होता तेव्हा मी तुमच्यासमोर नव्हते बसले? का तेवढंही दिसत नाही आता?"

ते खरं होतं. चहाची तलफ आलेली असताना हात खाली घसरला असेल, असं त्यांनी ठरवलं. खालची रेघ फडक्याने पुसली आणि बटणाच्या रेषेत पुन्हा ओढली. हे काही दुसऱ्यांदा माप घेणं नव्हे. तेच अक्षर पुन्हा गिरवणं.

३

ब्रॅकेट घ्यायला ते बाहेरच्या खोलीत आले. स्क्रू मशीनच्या ड्रॉवरमध्ये बटणांबरोबर पडले होते. ते निवडत असताना बाथरूममधून आवाज आला.

चप्. मग थोडं थांबून, चप्.

हा आवाज मास्तरांना पाठ होता. ओल्या फरशीवर टाच उचलायची, ताणून वर व्हायचं, नळापर्यंत पोचायचं आणि टाच टेकवायची. रोज सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी तो इतकी वर्षं ऐकला होता.

"अगं, बेसिन लागू तर दे," ते म्हणाले. "आत्ताच कशाला उड्या मारतेस?"

आपल्याच विनोदावर ते हसले. उत्तर आलं ते मागच्या अंगणातून. मास्तरीणबाई कपडे वाळत घालत होत्या. तोंडात चिमटे होते, त्यामुळे शब्द अर्धेच आले.

"काय म्हणताय?"

मास्तरांच्या मुठीत सात-आठ स्क्रू आणि एक शर्टाचं बटण होतं. ते तसेच उभे राहिले.

चप्.

आता आवाज एकदाच झाला. कुणी ताणून वर झालं होतं आणि अजून खाली आलं नव्हतं.

मास्तर भित्रे नव्हते. स्मशानाशेजारच्या दुकानात त्यांनी उमेदवारी केली होती, आणि तिथे त्यांना भीती वाटायची ती फक्त मालकाची. त्यांनी छातीठोक पावलं टाकत बाथरूम गाठलं. आत कुणी नव्हतं. फरशी मात्र ओली होती, आणि पाणी तर सकाळपासून बंद होतं. पाइपच्या तोंडातली चिंधी बाहेर आली होती. पडली नव्हती. घडी घालून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती, कडेला कड जुळवून.

त्यांनी डोकं चालवलं. पाणी बंद केलं तरी पाइपच्या पोटात थोडं राहतंच. ते ठिबकलं. चिंधी आपणच कट्ट्यावर ठेवली असणार, आणि चिंधीची घडी घालायची सवय तर हाताला आहेच. शिंप्याचा हात. त्यांना बरं वाटलं. खुणेकडे पाहिलं. ती बटणाच्या रेषेतच होती, आकडा आपल्या जागी. त्यांना आणखी बरं वाटलं.

ड्रिल मशीन हार्डवेअरच्या दुकानातून आणायचं होतं. निघताना त्यांनी बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी घातली. स्वतःच्या घरात, आत कुणी नसलेल्या खोलीला.

"कडी कशाला?" अंगणातून आत येत मास्तरीणबाईंनी विचारलं.

"सिमेंटला वारा लागू नये म्हणून."

मास्तरीणबाईंना सिमेंटमधलं काही कळत नव्हतं. मास्तरांनाही नव्हतं. म्हणून ते चाललं.

४

परत आले तेव्हा कडी तशीच होती. तेवढ्यात मुलाचा फोन आला.

"कुठवर आलंय, बाबा?"

"झालंच."

"मशीनसाठी टेम्पो सांगून ठेवू का?"

"टेम्पो सांग. तुलाच त्यात घालून परत पाठवतो."

फोन ठेवून मास्तर आत गेले आणि बुटक्या स्टुलावर बसले. शिंप्याला उभ्याने विचारही सुचत नाही, मग काम कुठून होणार. बसल्यावर खूण बरोबर छातीसमोर आली. सोयीची. तेव्हाच त्यांना शंका यायला हवी होती. पण गैरसोय झाली तर माणूस शंका घेतो, सोय झाली तर देवाचे आभार मानतो.

खुणेवर विश्वास ठेवून त्यांनी ड्रिल लावलं. भिंत लाकडासारखी सरळ भोक देत गेली. ब्रॅकेट बसले. मास्तरीणबाईंनी अर्धं लक्ष चुलीकडे ठेवून बेसिनला हात दिला, ते ठेवलं आणि दूध उतू जातंय म्हणत पळाल्या. मास्तरांनी पाइपच्या आट्यांना पांढरी टेप गुंडाळली, बटणाला दोरा गुंडाळावा तशी घट्ट. पाना फिरवला. पाणी चालू केलं. नळ सोडला. बेसिन भरलं, रिकामं झालं. खाली हात फिरवला. कोरडं ठणठणीत.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला," ते स्वतःशीच म्हणाले. गुडघ्यावर हात टेकून ते उभे राहिले.

बेसिन त्यांच्या मांडीशी होतं.

कपाळाचा घाम पुसत मास्तरीणबाई आल्या. त्यांनी बेसिन पाहिलं, नवरा पाहिला, पुन्हा बेसिन पाहिलं. मग इतक्या हसल्या की उंबऱ्यावर बसल्या.

"हे कुणासाठी हो?"

मास्तरांनी बेसिनच्या कडेवरून हात फिरवला.

"अहो, मी चार बोटं म्हटलं होतं. हे तर..." हसता हसता त्यांचं लक्ष नवऱ्याच्या तोंडाकडे गेलं, आणि त्या थांबल्या. "काय झालं?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्यांदा माप घेतलं. जमिनीपासून खुणेपर्यंत. खूण बेसिनच्या कडेखाली अजून दिसत होती. बेसिन खुणेवर अगदी बरोबर बसलं होतं, केसभरही चूक नव्हती. मात्र रेघेचा आकडा डाव्या टोकाला होता.

"मी काढलेला नाही," ते म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

भोकं पाडून झाली होती. आता काढून वर लावायचं तर अर्धी भिंत उतरवावी लागली असती. आणि दारावरची घंटा वाजली.

५

मुलगा सरळ बाथरूममध्ये गेला. त्याने बेसिन धरून हलवलं. हललं नाही. कडेवर भार दिला. कुरकुरलं नाही. नळ पुरता सोडून, खाली वाकून, मोबाइलच्या उजेडात पाहिलं. थेंब नाही. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाला आणि त्याचं तोंड हळूहळू बदललं.

"बाबा, हे एवढं खाली का?"

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. खूण खाली सरकली म्हणावं, तर म्हाताऱ्याला भ्रम झाला. माप चुकलं म्हणावं, तर म्हातारा निकामी झाला. दोन्हीकडून मशीन टेम्पोत. पडलो तरी नाक वर ठेवणारा माणूस, पण नाक वर ठेवायला आज जागा नव्हती.

"कुणाच्या मापाचं आहे हे?" मुलाने पुन्हा विचारलं.

"माझ्या," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी स्टूल ओढलं, बेसिनसमोर ठेवलं आणि राणीसारख्या त्यावर बसल्या. नळ सोडून तोंडावर पाण्याचे हबके मारले.

"आता फार वेळ उभं राहवत नाही मला. मीच सांगितलं यांना, बसून तोंड धुता येईल असं लावा." त्यांनी पदराने तोंड टिपलं. "का? म्हाताऱ्या आईला बसायची सोय केली तर तुझं काय बिघडलं?"

मुलाने वडिलांकडे पाहिलं, मग आईकडे. "तू सांगितलंस आणि यांनी ऐकलं?"

"ऐकलं," मास्तर म्हणाले. बायकोकडे ते असे बघत होते, जणू कुणी त्यांचा उसवलेला सदरा भर चौकात पाठीमागून धरून ठेवला होता.

"कमाल आहे," मुलगा म्हणाला. "आता मला खरंच काळजी वाटायला लागली."

तिघं बाहेरच्या खोलीत येऊन बसले. मास्तर सवयीने मशीनपाशी. मुलाने चहाचा कप तोंडाला लावला, आणि बाथरूममधला नळ सुटला.

पाणी बेसिनमध्ये पडत होतं. मध्येच धार तुटत होती, ओंजळ खाली धरावी तशी. साबणाचे हात एकमेकांवर चोळल्याचा आवाज आला. पाणी पुन्हा पडलं. मग नळ कुईं करून बंद झाला, व्यवस्थित, शेवटच्या आट्यापर्यंत.

मुलाने आईकडे पाहिलं. आईने नवऱ्याकडे. मास्तरांनी मशीनच्या चाकाकडे.

"आत कोण आहे?"

"हवा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "नव्या नळात हवा असते."

"हवेने नळ बंद पण केला?"

"वळण लावलंय घराला," मास्तर म्हणाले. "पाणी वाया घालवलेलं मला चालत नाही."

मुलगा उठला. चहा अर्धा राहिला होता. आत जाऊन बघावं असं त्याच्या मनात आलं असावं, कारण तो एक पाऊल त्या बाजूला गेला. मग त्याने वळून चपला घातल्या.

"शब्द म्हणजे शब्द. गळत नाही, हलत नाही. घराचा विषय मी काढणार नाही." दारात तो घुटमळला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, तुला एकटीला यायचं असेल तर आत्ता चल."

"मी गेले तर हे पुन्हा पाय बेसिनमध्ये घालतील."

"आता तर सोयीचं झालंय," मास्तर म्हणाले.

मुलगा हसला नाही. गाडी सुरू झाल्याचा आवाज नेहमीपेक्षा लवकर आला.

६

"खोटं बोललीस," मास्तर म्हणाले.

"मग? तुमचं मशीन डोक्यावर घेऊन चौथा मजला चढू?" मास्तरीणबाईंनी कपबशा गोळा केल्या. "उद्या तेल घालून चार कपडे शिवा. एवढी मेहनत केलीय मी." आणि त्या विसळायला गेल्या.

मास्तरांनी मशीनवर हात ठेवला. घर राहिलं, मशीन राहिलं. आता बाकी काहीही असलं तरी ते आपल्याच घरातलं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तेवढ्यात ठिबकण्याचा आवाज आला.

गळत नाही हा त्यांनी मुलाला दिलेला शब्द होता. पाना घेऊन ते बाथरूममध्ये गेले. संध्याकाळचा उजेड अजून खिडकीतून येत होता. कट्ट्यावर चिंधीची घडी होती. नवा साबण, जो त्यांनी कोरा वर फळीवर ठेवला होता, बेसिनच्या कडेवर फेसाळलेला पडला होता. तिकडे फार वेळ न बघता ते फरशीवर कुशीवर आडवे झाले आणि भिंतीच्या बाजूने डोकं बेसिनखाली सरकवलं. बेसिन इतकं खाली होतं की वरचं काही दिसायची सोय नव्हती. पाइपच्या जोडावर एक थेंब लोंबत होता. पान्याने अर्धा आटा. थेंब थांबला.

डोकं बाहेर काढायला त्यांनी मान वळवली. गाल फरशीला टेकला.

बेसिनसमोर दोन पावलं होती.

लहान मुलाच्या मापाची, पण लहान मुलाची नव्हेत. फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली. वरून ओघळलेलं पाणी अंगठ्यावर येऊन थांबत होतं.

"अगं," मास्तर हळू म्हणाले. "तू आलीस का?"

"कपबशा कोण धुणार मग?" स्वयंपाकघरातून उत्तर आलं. कपबशा वाजल्या.

पावलं हलली नाहीत. मास्तरही हलले नाहीत. वर काय आहे ते बघायला डोकं थोडं पुढे काढावं लागलं असतं, आणि त्यांची मान त्या बाजूला वळायला तयार नव्हती. पण डोळ्यांना उभ्या हयातीची सवय होती, आणि डोळ्यांनी आपलं काम केलं. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की माप आधी नजरेत येतं.

टाचा उचललेल्या होत्या. दोन्ही. ताणून, थरथरत, अंगठ्यांवर सगळा भार. बेसिन एवढं खाली आणलं तरी अजून पोचत नव्हतं.

त्यांनी टाच आणि फरशी यांच्यामधली फट पाहिली. एकदाच.

"झालं का हो?" मास्तरीणबाईंनी विचारलं. "चला, दिवा लावते."

"खडू आण," मास्तर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही.

"आता कशाला?"

"चार बोटं खाली घ्यायचंय."

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज थांबला. आणि मास्तरांच्या नाकासमोर, ओल्या फरशीवर, त्या दोन टाचा समाधानाने टेकल्या.

चप्.